मातीतलंच औषध

२०१० च्या जानेवारीत बीटी वांग्यावरची जनसुनावणी नागपूरला झाली, तेव्हा मी विरोध करणाऱ्यांत होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. जिवाणूचं जनुक झाडात घालणं मला मान्य नव्हतं. कोणत्याही झाडात, कोणत्याही कारणासाठी. पुढची दहा-बारा वर्षं गावोगाव हेच सांगत फिरलो. जमिनीला मोकळी सोडा, ती सगळं पचवते, हे माझं पेटंट वाक्य होतं. त्यातला 'कोणत्याही' हा शब्द आज मला मागे घ्यायचा आहे.

कारण आरडीएक्स. हे नाव आपल्या घरांत शिरलं ते १९९३ च्या मार्चमध्ये, मुंबईच्या बॉम्बस्फोटांबरोबर. लष्करी सरावाच्या मैदानांवर ते जमिनीतही साठतं, हे मात्र माझ्या गावीही नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकलेला भाचा दिवाळीला आला होता, त्याने ओसरीवर बसून मला समजावलं. तोफगोळा नीट फुटला तर स्फोटक जवळजवळ सगळं संपतं. अर्धवट फुटला की त्याचे कण मातीत विखुरतात. टीएनटी असेल तर तो मातीतल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून वरच्या थरातच बसतो आणि मुळं खुरटवतो. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली त्याचं एक कारण दाखवून दिलं. झाडाच्या पेशीत एक विकर असतं, एरवी पेशीच्या रक्षणाच्या कामातलं. ते टीएनटीवर काम करायला जातं आणि त्यातून ऑक्सिजनचं घातक रूप तयार होत राहतं. राखणदाराच्याच हातून घर जळतं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

आरडीएक्सची तऱ्हा निराळी. ते मातीला धरून राहत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं. अमेरिकेत केप कॉडच्या लष्करी तळावरच्या रेताड जमिनीतून ते भूजलात गेलं, तेच पाणी लोक पीत होते. शेवटी १९९७ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या तळावरचा तोफगोळ्यांचा सराव थांबवायला लावला.

"मग तिथे झाडं लावा की," मी म्हणालो.

"मामा, झाडं ते पाण्यासोबत ओढून घेतात आणि पानांत साठवतात. मोडता येत नाही त्यांना. पान गळलं की पुन्हा मातीत, जनावरानं खाल्लं तर त्याच्या पोटात."

मी गप्प बसलो. पडीक रानावर हिरवं दिसलं की जमीन बरी झाली, असं मी जन्मभर समजत आलो आणि दुसऱ्यांनाही सांगत आलो.

मग त्याने यॉर्कच्याच नील ब्रूस आणि एलिझाबेथ रायलॉट या संशोधकांच्या कामाबद्दल सांगितलं. रोडोकॉकस नावाच्या जिवाणूला आरडीएक्स मोडता येतं. त्याची जनुकं त्यांनी स्विचग्रास या उंच, खोल मुळांच्या गवतात घातली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम या लष्करी तळावर तीन वर्षं ते लावून पाहिलं. निष्कर्ष २०२१ साली छापून आले: हेक्टरी २७ किलो या दराने गवताने आरडीएक्स काढून मोडलं.

मला हलवलं ते या आकड्याने नव्हे. तो जिवाणू सापडला होता आरडीएक्सने बिघडलेल्या मातीतच. म्हणजे माती पचवते हे माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण तिला लागतो तेवढा वेळ पाणी देत नाही. जिवाणूच्या तावडीत येण्याआधीच विष खाली निसटतं. ओढून धरण्याची ताकद गवताच्या मुळांत, मोडण्याची विद्या जिवाणूत. दोन्ही एकत्र आणायला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

खाण्याच्या पिकांबद्दल आणि बियाण्याच्या मालकीबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. या गवताचीही काळजी वाटते: त्याचे पराग वाऱ्यावर जातात, आणि ते तिकडचंच रानगवत असल्याने जनुक त्याच्या रानातल्या भावंडांत पसरू शकतं. त्यावर पहारा हवाच.

चळवळीतल्या एका जुन्या सोबत्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "एक दार उघडलंस की सगळी उघडतील." त्याची भीती मला कळते. मी म्हटलं, "दारावर तुझ्याबरोबर मीही बसेन. पण ज्या बाईच्या विहिरीत आरडीएक्स उतरतंय, तिला 'थांब, माती पचवेल' असं सांगायला आता माझी जीभ रेटत नाही."