एस की डी?

फोक्सवॅगन पोलो जीटीच्या दोन आवृत्त्यांमध्ये बाहेरून दिसणारा फरक एका अक्षराचा होता. एकीच्या मागच्या दारावर टीएसआय, दुसरीच्या टीडीआय. दोन्ही चाकणच्या कारखान्यातल्या, आमच्या नारायण पेठेपासून तीसेक किलोमीटरवर जन्मलेल्या. दोन्हींची ताकद सारखीच, १०५ अश्वशक्ती. किमतीतही फारसा फरक नाही. पाडव्याला गाडी घरात यावी असं ठरलेलं. २०१४ सालचा पाडवा ३१ मार्चला होता, आणि फेब्रुवारी संपला तरी आमचं 'एस की डी' चालूच होतं.

पेठेत राहणाऱ्या माणसानं असली पळणारी गाडी घ्यावी का, हा प्रश्न शेजारच्या काकांनी विचारून झाला होता. "अरे, मुंजाबाच्या बोळापासून अलका टॉकीजपर्यंत तू तिसरा गिअर टाकून दाखव, मग मी पेढे देतो." काकांचं चूक नव्हतं. लक्ष्मी रस्त्याची गर्दी, केळकर रस्त्यावरच्या हातगाड्या आणि पी-१, पी-२ चा हिशेब यांत गाडीचा वेग कंपनी ठरवत नाही, पुढची रिक्षा ठरवते. पण आमची गाडी पेठेसाठी नव्हतीच. ती वाईसाठी होती.

वाईला माझे सासरे, नाना. पार्किन्सननं हात थरथरायला लागले होते, चालताना पाय अडखळायचा. कृष्णेचा घाट सोडून पुण्यात येऊन राहायला त्यांचा ठाम नकार. बायको एकुलती एक. महिन्यातून तीन-चार फेऱ्या ठरलेल्या: स्वारगेटहून एसटी, नाहीतर रविवारी मी आमच्या जुन्या मारुती ८०० मधून सोडायचो.

आता मोटारींचं. डिझेलच्या टीडीआयला १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, हातानं टाकायचे. टॉर्क २५० न्यूटन-मीटर, आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच मिळायचा. म्हणजे घाटात चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. पेट्रोलच्या टीएसआयचं इंजिन १.२ लिटरचं, टॉर्क १७५, पण तिला सात गिअरची डीएसजी पेटी. क्लचचं पायडलच नाही. या पेटीत आत दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो. सम-विषम तारखांना रस्त्याची बाजू बदलून गाड्या लावणाऱ्या पुणेकराला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मी टीडीआयच्या बाजूचा. गिअर आपल्या हातानं टाकण्यात जे सुख आहे, ते मला सोडायचं नव्हतं. शिवाय कागदावर हिशेब मांडलेला. वर्षाला सात हजार किलोमीटर. पेट्रोल ऐंशी रुपयांच्या आसपास, डिझेल साठीच्या थोडं पुढं. पेट्रोलची गाडी प्रत्यक्षात लिटरला बारा देईल आणि डिझेलची सोळा असं धरलं, तर वर्षाला साधारण एकोणीस हजारांचा फरक. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नास पैशांनी वाढत होतं, हे गृहीत धरूनही डिझेलच जिंकत होतं. त्यात डीएसजीबद्दल काळजी वाटावी अशा बातम्या होत्याच. २०१३ साली चीनमध्ये याच प्रकारच्या पेट्यांसाठी साडेतीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. हे क्लच कोरडे, तेलात बुडालेले नसतात. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गर्दीत ते तापतात. आणि गर्दी तर आमच्या दारातच.

बायकोकडे परवाना होता, पण ती चालवत नसे. कॉलेजात असताना स्कूटरवरून पडून तिचा डावा घोटा मोडला होता. आत पट्टी आहे. वीस मिनिटं क्लच दाबला की पाय सुजतो. वाईला जाताना खंबाटकीचा चढ लागायचा (परतीला बोगदा होता, जाताना नव्हता), आणि त्या चढावर ट्रकच्या मागं अर्धा क्लच धरून थांबणं तिला शक्य नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या हिशेबाच्या कागदावर घोट्याला रकाना नव्हता, कारण गाडी मीच चालवणार हे आम्ही दोघांनीही न बोलता धरलं होतं.

एका रात्री मी तिला आकडे दाखवले. तिनं शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "तुला हवी ती घे. मी एसटीनं जातेच की."

त्यात टोमणा नव्हता. ती खरंच एसटीनं जात होती. पण शेवटची एसटी सुटल्यावर नानांना काही झालं तर? मी कामासाठी परगावी असलो तर? एकोणीस हजार रुपयांना तिला एक गोष्ट मिळत होती: कुणालाही न विचारता, रात्री दोन वाजता, स्वतः निघता येणं. मला त्या पैशात हे दुसरीकडे कुठं मिळणार नव्हतं. आम्ही टीएसआय घेतली.

पुढं सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल धुराचं प्रकरण अमेरिकेत फुटलं. डिसेंबरात भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत घेण्याचं जाहीर झालं, त्यात हे इंजिनही होतं. मग एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि डिझेल पोलो बंदच झाली. काका म्हणाले, "दूरदृष्टी आहे हो तुला!" दूरदृष्टी कसली? आम्ही धुराचा विचारच केला नव्हता. गिअरच्या पेटीनं आम्हाला छळलं नाही, हेही नशीब. ज्यांना छळलं, तेही आमच्याइतकाच विचार करून गेले असणार.

नाना २०१७ च्या पावसाळ्यात गेले. त्या रात्री मी खरोखरच परगावी होतो. फोन आला तेव्हा ती सुरूर फाटा ओलांडून वाईच्या रस्त्याला लागली होती. शेवटचे चार तास ती त्यांच्याजवळ होती.

२०२२ साली पोलोचं उत्पादनच थांबलं. आता जुन्या बाजारात ती शोधणारे मित्र विचारतात, कुठली घेऊ? टॉर्क, सरासरी, पेटीचा इतिहास, सगळं मी सांगतो. ते झालं की विचारतो, घरात आणखी कोण चालवणार आहे? बहुतेक जण म्हणतात, "मीच." मग मी त्यांना सांगतो, आधी घरी विचारून ये.