पिवळा दिवा आणि चिकटपट्टी

मुलांनो, आधी एक कबुली देते. मी शाळेत बाई आहे, आणि "चूक झाली तर झाकू नका, येऊन सांगा," हे वाक्य माझ्या वर्गातल्या पोरांना आता पाठ झालंय. पण २०२४ च्या नोव्हेंबरात या बाईंनी स्वतः काय केलं, ठाऊक आहे? गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता. त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली!

आता हसू नका. आधी सगळं ऐकून तर घ्या.

आम्ही साताऱ्यात राहतो. माझी शाळा यवतेश्वरचा घाट चढून पुढे, डोंगरातल्या एका वाडीत आहे. दोनच शिक्षक, चार वर्ग. पावसाळ्यात तिथे असं धुकं असतं की फळ्यावरचं अक्षर मागच्या मुलाला दिसत नाही. एस.टी. वेळेवर मिळेलच असं नाही, म्हणून मी एक जुनी छोटी गाडी घेतली. आधीच्या मालकाने बारा वर्षं वापरलेली. मुलाचे बाबा नोकरीसाठी पुण्याला असतात. घरी मी, माझा पाचवीतला मुलगा आणि माझे वडील, अण्णा. अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात.

तर, तो दिवा. इंजिनाच्या आकाराचं छोटंसं चित्र असतं ते. सकाळी गाडी निघाली की दिवा नसायचा. निम्मा घाट चढला की पेटायचा, आणि मग इंजिनापुढचा पंखा जो सुरू व्हायचा तो थांबायचंच नाव घ्यायचा नाही. वाटेत कुणासाठी थांबून पुन्हा किल्ली फिरवली, की गाडी बराच वेळ नुसतीच कुरकुरायची आणि सुरू झाली की मागून काळा धूर. पेट्रोलचा वास तर असा, की शाळेत गेल्यावर पोरं विचारायची, "बाई, तुम्ही पंपावरून आलात का?" लिटरला सोळा किलोमीटर जाणारी गाडी बारावर आली.

एका गॅरेजात दाखवली. तिथे गर्दी होती. ते म्हणाले, "चालतेय ना बाई? मग चालू द्या." मला तेच ऐकायचं होतं म्हणा ना! सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेले, त्यात खर्च कुठे काढायचा? तो दिवा मात्र रात्री डोळ्यात खुपायचा. लावली पट्टी.

ती पट्टी सापडली आमच्या चिरंजीवांना. "आई, इथे काय लपवलंयस?" म्हणून नखाने काढलीन, आणि लगेच आजोबांकडे तक्रार! अण्णा मला काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "रविवारी बघू."

शनिवारी शेजारच्या इंजिनियर मुलाकडून काड्यापेटीएवढा एक डबा मागून आणला. स्टिअरिंगच्या खाली सोळा टाचण्यांसाठी भोकं असलेली एक खाच असते, तिथे तो बसवायचा. मग गाडीचा संगणक काय म्हणतोय ते मोबाइलवर वाचता येतं. आमच्या गाडीचा निरोप होता, 'पी ०११८'. त्याचा अर्थ असा की पाण्याचं, म्हणजे कूलंटचं, तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडून येणारं माप प्रमाणाबाहेर जास्त आहे.

तुम्ही म्हणाल, तापमान कळून गाडीला काय करायचंय? त्याचं असं आहे. पेट्रोल पातळ असताना नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. आणि थंडीत दोरीवरचे कपडे जसे लवकर वाळत नाहीत, तशी थंड इंजिनात पेट्रोलची वाफही लवकर होत नाही. म्हणून इंजिन गार असलं की थोडं जास्त पेट्रोल सोडावं लागतं. अण्णांच्या जुन्या स्कूटरला यासाठी चोक होता. सकाळी चोक ओढायचा, गाडी तापली की आत ढकलायचा. विसरला की धूर! आता ते काम गाडीचा संगणक करतो. एरवी एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा हा हिशेब तो सांभाळतो. पण संगणकाला हात नाहीत, की इंजिनाला लावून बघेल गार आहे का गरम. म्हणून तो सेन्सरला विचारतो.

तो सेन्सर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी पितळी वस्तू. त्याच्या पोटात एक बारकासा दाणा असतो. तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, गार झाला की वाढतो. तांबं, लोखंड यांचं नेमकं उलटं असतं बरं का! तापवलं की रोध कमी होणारा असा पदार्थ मायकेल फॅरेडेने १८३३ मध्येच पाहिला होता. तो चांदी आणि गंधक यांचं संयुग तापवून बघत होता. फॅरेडे म्हणजे लहानपणी पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता आमच्या गाडीचं दुखणं लक्षात आलं का? रोध खूप वाढला म्हणजे खूप थंडी. आणि तारच तुटली, तर रोध मोजता न येण्याइतका मोठा. म्हणजे संगणकाला वाटणार, शून्याखाली चाळीस अंश! आपण साताऱ्याच्या घाटात घाम पुसतोय आणि गाडी समजतेय की आपण हिमालयात आहोत. मग ती बिचारी जास्त पेट्रोल ओतते. थोड्या वेळाने तिलाच शंका येते, की हे काही खरं दिसत नाही. मग खबरदारी म्हणून पंखा चालू ठेवते आणि दिवा लावते.

मी लगेच म्हटलं, "चला, सेन्सर खराब. नवा आणते." चारशे ऐंशी रुपयांना आणलाही. अण्णा म्हणाले, "आणलास ते ठीक. पण निरोप आला म्हणजे निरोप्याच खोटा असं नाही. मधली वाट तुटली नसेल कशावरून?"

रविवारी सकाळी इंजिन रात्रभराचं गार होतं. पालकांनो, ही गोष्ट अधोरेखित करून ठेवा. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाबाखाली कोंडलेलं पाणी शंभर अंशांच्याही वर गेलेलं असू शकतं. झाकण सैल केलं की ते उसळून सरळ तोंडावर येतं. मुलांनो, तुम्ही तर झाकणाला गार असतानाही हात लावायचा नाही. आणि हे कूलंट चवीला गोड असतं पण विषारी असतं. सांडलं तर भरपूर पाणी ओतून धुवायचं, नाहीतर एखादं कुत्रं-मांजर चाटून मरायचं.

आधी सेन्सरच्या डोक्यावरचा प्लग काढला. किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, प्लगमधल्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावला. पाच व्होल्ट! म्हणजे संगणकापासून इथपर्यंतची वाट चांगली होती. अण्णांनी मान हलवली. मग किल्ली काढली, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण बाजू सोडवली आणि खऱ्या कामाला लागलो.

यातली एकच पायरी घाईची. जुना सेन्सर निघाला की त्या भोकातून कूलंट वाहायला लागतं. तेव्हा एका हाताने जुना काढायचा, अंगठ्याने भोक दाबायचं आणि दुसऱ्या हाताने नवा लावायचा. मी पाना अण्णांपुढे धरला. हे काम त्यांचंच, असं मी गृहीत धरलं होतं.

"तू कर," ते म्हणाले. "मी टॉर्च धरतो."

मी वाकले. पाना बसवला. पण उजेड काही सेन्सरवर थांबेना. कधी नळीवर, कधी माझ्या मनगटावर, सारखा नाचत होता. मुलगा म्हणाला, "आजोबा, नीट धरा ना!" अण्णांनी टॉर्च डाव्या हातात घेतला, पुन्हा उजव्यात घेतला आणि मग न बोलता नातवाच्या हातात दिला.

मी तेव्हा काही विचारलं नाही. हातात काम होतं. जुना सेन्सर फिरेना, मग एकदम फिरला. कपभर हिरवं कूलंट माझ्या बाहीवर! अंगठा दाबला, तांब्याचं नवं वॉशर घातलेला नवा सेन्सर टेकवला. "पान्याने नको, आधी बोटाने," अण्णा मागून म्हणाले. "आटे तिरके बसले तर जागाच खराब होईल. अॅल्युमिनियम मऊ असतं." बोटाने पाच-सहा वेढे दिले, मग पान्याने थोडंसंच आवळलं. प्लग 'टिक' करून बसला. कमी झालेलं कूलंट भरलं, बॅटरी जोडली, आणि झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू केलं, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांवाटे निघून जाते. मग पाणी तापायच्या आत झाकण लावलं. पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला. पंखा गप्प. इंजिन पुरतं तापल्यावर एकदा फिरला आणि थांबला, अगदी शहाण्यासारखा.

मला वाटलं, झालं काम. पण वर्कशॉपमधली सवय! जुनी वस्तू खराब आहे हे सिद्ध झाल्याशिवाय अण्णा ती टाकू देत नाहीत. दुपारी शाळेतला तापमापक घेतला, एका जुन्या पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात सेन्सर दोऱ्याने लटकवला, त्याच्या टोकांना मल्टिमीटरच्या तारा लावल्या. गॅस मी लावला. आकडे मुलगा वहीत लिहीत होता. बावीस अंशांना २.४ किलोओहम. चाळीसला १.२. अगदी बरोबर येत होते! मला धाकधूक, चांगलाच सेन्सर काढला की काय? पन्नास. पंचावन्न. सत्तावन्नला मुलगा ओरडला, "आई, एक! नुसता एक!"

तो एक म्हणजे एक ओहम नव्हे. आमचा मीटर डाव्या कोपऱ्यात नुसता १ दाखवतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, हे माझ्या मोजण्यापलीकडचं आहे. तापल्यावर सेन्सरच्या आत कुठेतरी जोड सुटत होता. पाणी गार व्हायला लागलं तसे आकडे पुन्हा बरोबर आले. म्हणून तर सकाळी दिवा लागायचा नाही आणि निम्म्या घाटात लागायचा!

मुलगा आनंदाने नाचत अंगणात गेला. मी गॅस बंद केला आणि विचारलं, "अण्णा, हात कधीपासून थरथरतोय?"

"वर्ष झालं असेल."

"आणि सांगितलं नाहीत?"

"चालतंय की," अण्णा म्हणाले.

मला रागवायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण ती काळी पट्टी तिथेच ओट्यावर पडली होती, आणि अण्णांची नजरही तिच्यावरच होती. मग काय बोलणार? आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पातेल्याच्या वाफेवर ढकललं. वर्षभर अण्णा चहा बशीत न ओतता कप दोन्ही हातांनी धरून प्यायचे. त्यांना थंडी वाजत असेल असं मी समजत होते.

पुढच्या शनिवारी रजा काढून त्यांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. एकशे दहा किलोमीटर, याच गाडीतून. त्यांनी बोटं मोजायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. आता गोळ्या चालू आहेत. थरथर पूर्ण गेलेली नाही. अण्णांचा कप मी अर्धाच भरते आणि ते दोनदा मागतात. पाना मात्र अजून माझ्या हातात आणि सूचना त्यांच्या.

जुना सेन्सर चिरंजीवांच्या कंपासपेटीत आहे. नव्या सेन्सरचे आकडे आम्ही दुकानातून आणला त्या रात्रीच असेच पाण्यात मोजले होते: वीस अंशांना साधारण २.४ किलोओहम, चाळीसला १.१, साठला ०.६ आणि ऐंशीला ०.३. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर तापमान घ्या, उभ्या अक्षावर रोध, आणि हे चार बिंदू जोडून बघा. आमच्या घरी पैज लागली होती. मुलगा म्हणाला, सरळ रेष येणार. अण्णा म्हणाले, येणार नाही. कोण जिंकलं?