अम्मींचा ‘नॉर्मल’ अहवाल

गेल्या हिवाळ्यात अंबडला नातलगांकडे गेलो. तिथे एक जण छोटी मशीन घेऊन बसला होता. हातात धातूची नळी धरायची, वय, उंची, वजन सांगायचे. मिनिटभरात यकृतापासून हाडांपर्यंतचा अहवाल तयार. “क्वांटम तपासणी आहे, रक्त काढायची गरज नाही.” अम्मींची साखर ‘नॉर्मल’ निघाली. त्यांनी गोळ्या सोडल्या आणि १२०० रुपयांचे ‘क्वांटम’ पेंडंट गळ्यात घातले. आम्ही दोघेही शिक्षक, पण पाहुण्यांच्या घरात वाद नको म्हणून गप्प बसलो.

महिनाभरात अम्मींना सारखी तहान लागू लागली. जालन्यात रक्त तपासले, उपाशीपोटी साखर २६८.

मग पुन्हा अंबडला गेलो. तीच मशीन, हात अम्मींचाच, वय मात्र ३० सांगितले. अहवाल बदलला! भाऊंनी मशीन आवरायला घेतली.

ऊर्जा ठरावीक पुडक्यांत मिळते, हे माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडले. लेसर, एलईडी त्याच विज्ञानावर चालतात. पण रक्तातली साखर नळीला कशी कळणार? आणि पेंडंट? २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने अशा दहा वस्तूंत किरणोत्सार आढळला म्हणून त्या वापरू नका, असे बजावले होते.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अम्मी एवढेच म्हणाल्या, “तुम्ही दोघं मास्तर ना? मग तेव्हाच का नाही बोललात?”