नो येगेस तार्दे

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दिवसभरात माझ्या तोंडून सर्वांत जास्त निघणारा शब्द 'नका' असावा. बोलू नका, धावू नका, पानं फाडू नका. घरी आले की त्याचा 'नको' होतो.

लेक स्पॅनिश शिकतेय. तिच्या पुस्तकात नकारार्थी आज्ञेचा धडा आला, तेव्हा मीही वही घेऊन बसले. 'तोका' म्हणजे हात लाव. हात लावू नको म्हणजे 'नो तोकेस'. बोलायला सोपं. मी लिहिलं आणि लेक हसायला लागली. 'तोका'मधला क सी या अक्षराने लिहितात, पण सीपुढे ई आला की लॅटिन अमेरिकेत त्याचा स होतो. माझं वाक्य 'नो तोसेस' असं वाचलं जात होतं, म्हणजे 'तू खोकत नाहीस'! क टिकवायचा तर सी काढून क्यू आणि यू लिहायचे. 'पागा', पैसे दे, याचंही तसंच. 'नो पागेस' लिहिताना जीनंतर यू घालायचा, नाहीतर ग जाऊन उर्दूतल्या ख़ेसारखा घशातला आवाज येतो. झेड असेल तर त्याचा सी होतो.

मला गंमत वाटली. 'फूल'चं 'फुलाला' करताना मुलं चुकतात, उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय यांचा आवाज एकच म्हणून चुकतात. 'कानावर जाऊ नका' असं सांगत मी किती जणांचे गुण कापलेत! इथे तर कानाला ऐकू येणारा आवाज बदलू नये म्हणूनच अक्षर बदलतात.

मग 'येगार' आलं, म्हणजे पोहोचणं. 'नो येगेस तार्दे', उशिरा पोहोचू नको. हे मला लगेच पाठ झालं. तिचा क्लास लांब आहे, मगरिबनंतर माझे फोन सुरू होतात.

"अम्मी, हेच 'येगेस' दुसरीकडेही येतं," ती म्हणाली. "'ओख़ाला येगेस'. अल्लाह करे, तू पोहोचावीस."

'ओख़ाला' हा शब्द मुस्लिम स्पेनमधल्या अरबीतून आलाय, मूळ अर्थ 'अल्लाहने चाहिलं तर'. आज तो सगळेच स्पॅनिश बोलणारे वापरतात. मनाई आणि दुआ, दोन्हीला क्रियापदाचं रूप तेच. उर्दूतही 'अल्लाह करे' आणि 'अल्लाह न करे'मध्ये 'करे' बदलत नाही. वीस वर्षं शिकवतेय, कधी लक्षात आलं नव्हतं.

तिला पुढे स्पॅनिशसाठी पुण्याला जायचंय. महिनाभर माझं 'जाऊ नको' चाललंय.

मी दोन्ही वाक्यं वहीत लिहिली, दोन्हीकडे यू घातला. तिने बरोबरची खूण केली आणि पुण्याच्या हॉस्टेलचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. मी तिच्याकडे पेन मागितलं.