निजलेला टाकळा

जूनच्या शेवटच्या रविवारी सोसायटीत गवत कापायचं मशीन सुरू झालं आणि सकाळच्या चहात एक वास मिसळला. उग्र, हिरवट, थोडा कुबट. नुसत्या गवताचा असा वास येत नाही. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर भिंतीलगतचा अख्खा टाकळा आडवा झालेला. वीतभर उंचीचा, कोवळा. दोन दिवसांत मी तो खुडणार होते. मी ओरडले ते मशीनवाल्याला ऐकू गेलं नाही, पण सेक्रेटरींना गेलं.

"तण आहे ताई ते," ते खालूनच म्हणाले.

तण आहेच. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून तर रस्त्याकडेला एवढा माजतो.

राजापूरजवळच्या आमच्या घरी मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की आजी इरलं घेऊन बांधावर जायची. फक्त वरचे शेंडे खुडायची. टाकळा फुलावर आला की कडू होतो, त्यामुळे सगळा खेळ चार-सहा आठवड्यांचा. तोवर फणस संपलेला असे, पण माती फासून ठेवलेल्या आठळ्या असत. कांदा, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, चिरलेला पाला, ठेचलेल्या आठळ्या, वरून ओलं खोबरं. शिजताना तो उग्र वास कुठे जायचा कोण जाणे.

एका रात्री अचानक दोन पाहुणे आले. घरात भाजी नाही, बाहेर धो धो पाऊस. आजी कंदील घेऊन निघाली, मी तिच्या मागे. टाकळ्याची पानं मिटली होती, तीन-तीन जोड्या एकमेकींना चिकटून. "निजलाय तो," आजी म्हणाली. मग वाकून तिने एका शेंड्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली, लहान मुलाला उठवतात तशी. आणि मगच खुडलं.

मी हे आईला सांगते तेव्हा ती ठामपणे म्हणते, "असं काही झालं नव्हतं. त्या रात्री पिठलं केलं होतं."

पुढे कधीतरी वाचलं की १७५३ साली या झाडाला 'कासिया टोरा' हे शास्त्रीय नाव लिनियसने दिलं, आणि त्याच गृहस्थाच्या नावावर १७५५चा एक प्रबंध आहे, वनस्पतींच्या झोपेवरचा. स्वीडनमध्ये बसून! देठाच्या बुडाशी फुगीर भाग असतो, त्यातल्या पेशींमधलं पाणी इकडचं तिकडे झालं की पानं मिटतात. संस्कृतात हा चक्रमर्द, म्हणजे गजकर्णावरचं औषध. आणि त्याच्या बियांचा डिंक युरोपात कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्याला घट्टपणा यावा म्हणून घालतात. हे सगळं आजीला सांगितलं असतं तर तिने "बरं" म्हणून चूल फुंकली असती.

हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात. भरावेत. आदिवासी बायांच्या हातात चार पैसे पडतात, शेवळांबरोबर काकडं हवीतच, नाहीतर घसा खाजतो, हे शहरातल्या माणसाला कळतं. पण टाकळ्याच्या जुडीपुढे 'सुपरफूड' अशी पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. अर्जुना-कोदवलीला पूर आला की राजापूरची बाजारपेठच पाण्यात जायची. बांधावर होतं ते खाल्लं. ऋतूप्रमाणे खाणं आम्हाला कोणी शिकवलं नाही, दुसरं काही नव्हतंच. आणि मुंबईच्या शाळेत डबा उघडल्यावर शेजारच्या मुलीने नाक दाबलं होतं, तेव्हा मीही त्या भाजीला "आमच्या बाईंनी केलीय" म्हणाले होते. घरी बाई नव्हती. आईच होती.

तर, सोसायटीची मीटिंग. डास होतील, साप येईल, लहान मुलं आहेत, सगळं बोलून झालं. शेवटी पंपरूमच्या मागची पट्टी, असेल पंधरा पावलं लांब, श्रावण लागेपर्यंत कापायची नाही आणि तिथे औषध मारायचं नाही, एवढं मान्य झालं. ओल्या कचऱ्याचं खत तिथे घालू का, असं कोणीतरी उत्साहाने विचारलं. मी नको म्हटलं. टाकळ्याला खत घालणं म्हणजे मांजराला दूध प्यायला शिकवणं.

पुढच्या पावसाळ्यात पट्टी भरून आली. वॉचमन वाशिमकडचे. पाहताच म्हणाले, "हा तं तरोटा हाय!" आणि ड्यूटी संपल्यावर पिशवी भरून घेऊन गेले. त्यांच्याकडे तो डाळ घालून करतात म्हणे. हळूहळू चार-पाच घरं खुडायला लागली. संध्याकाळी कोणी खुडताना दिसलं की मला वरून हाक मारावीशी वाटते. मारत नाही. उगाच वेड्यात काढतील.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती वहिनींनी टाकळ्याचे थेपले पाठवले. थेपले! तीळ घातलेले, वर छुंदा. मी कपाळाला हात लावला, आणि मग उभ्याउभ्याच तीन खाल्ले. चौथा आईसाठी ठेवला. आई आता कमी बोलते, दुपार आणि संध्याकाळ यात तिची गल्लत होते. तिने तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"टाकळा ना?"

"हो."

"आठळ्या नव्हत्या का गं?"