उचल

चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, नवापूर तालुक्यातले गाव. पुढचे नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे हौशी प्रवाशांना ठाऊक असते. इथल्या माणसांना मात्र ती गंमत वाटत नाही, कारण त्यांचे अर्धे वर्षही सीमेपलीकडेच जाते. दिवाळी झाली की बारडोलीकडच्या साखर कारखान्यांसाठी ऊसतोड सुरू होते आणि इथले पाडे रिकामे होऊ लागतात.

आम्ही मराठीचे शिक्षक. पैशाचा हिशेब हा आमचा प्रांत नव्हे. तरीही एका पावसाळ्यात ह्या परिसरातल्या अकरावीच्या वर्गाला 'व्यक्तिगत अंदाजपत्रक' शिकवण्याचे काम आमच्याकडे आले. हाती छापील तक्ता होता: वर महिन्याचे नाव, खाली उत्पन्न, खर्च आणि शेवटी बचत. उत्पन्नातून आधी बचत वजा करावी व उरलेल्यात खर्च भागवावा, हे आम्ही फळ्यावर ठसठशीत लिहिले. मुलांनी ते उतरवून घेतले. घरचा तक्ता भरून आणा, असे सांगून आम्ही समाधानाने वर्गाबाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका मुलीच्या तक्त्यापाशी अडखळलो. तिने 'महिना' हा शब्द खोडून 'पावसाळा' लिहिले होते. उत्पन्नाखाली एकच नोंद: 'उचल, 30,000'. खर्चात छपराचे पत्रे, आजीचे औषध, बियाणे, किराणा. बचतीची जागा कोरी. आम्ही लाल शाईने 'उचल'वर काट मारली आणि शेजारी लिहिले, 'हे उत्पन्न नाही, कर्ज आहे.'

मुलीने वही उघडून पाहिली आणि शांतपणे विचारले, "सर, मग आमचं उत्पन्न कोणतं लिहू?"

उत्तर सोपे वाटले होते, ते नव्हते. तोडणीची मजुरी हे उत्पन्न खरे. पण ती घरात येते तेव्हा उचलीपोटी वळती होऊन येते. हातात रोख म्हणून जे पडते ते उचलीच्याच दिवशी. दुसऱ्या एका मुलाने मग खावटीचे विचारले. सरकारची खावटी पूर्वी कर्ज म्हणून मिळे. 2020 साली तिचे अनुदान झाले, कुटुंबामागे 4000 रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात. शब्द तोच, आधी देणे आणि मग मिळकत. ती कुठल्या रकान्यात घालायची?

त्या संध्याकाळी आम्हांस जुन्या किर्दीची आठवण झाली. देशी पद्धतीच्या रोजकिर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. कर्जाऊ आणलेली रक्कम तीत जमेच्याच बाजूला पडते. इतकेच काय, देशाच्या अर्थसंकल्पातही सरकारने काढलेले कर्ज भांडवली जमा म्हणूनच दाखवले जाते. अर्थमंत्र्यांच्या वहीवर लाल काट कोणी मारत नाही. मुलीने वहीचा जुना नियम पाळला होता; आम्हीच 'जमा' आणि 'कमाई' ह्यांत गल्लत केली होती.

शब्दांशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांनी 'उचल' ह्या शब्दापाशी अधिक थांबायला हवे होते. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला 1988 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; ते पुस्तक आम्ही कितीदा शिकवले. तिथे उचलणे हा जन्मावर मारलेला गुन्ह्याचा शिक्का आहे. इथे त्याच धातूपासून झालेला शब्द घरात तांदूळ आणतो आणि घर बांधूनही ठेवतो. 'कोयता'चेही तसेच. ह्या व्यवहारात कोयता म्हणजे हत्यार नव्हे, जोडीने राबणारी माणसे. मुकादम उचल देतो ती माणसाला नव्हे, कोयत्याला. मग 'व्यक्तिगत' अंदाजपत्रकातली ती व्यक्ती शोधायची कुठे?

पुढच्या तासाला आम्ही वर्गासमोर आपली चूक कबूल केली आणि तक्ता पुसला. महिन्यांऐवजी पेरणी, दिवाळी, तोडणी, होळी असे टप्पे पाडले. उचल जमेतच लिहिली. पण शेजारी नवा रकाना आखला: किती टन तोडले, काय दराने, किती फिटले. बचतीचा उपदेश मागे पडला आणि मुलांना प्रथमच हिशेबात रस वाटू लागला. कारण मुकादमाची वही सर्वांनी पाहिली होती. स्वतःच्या घराची अशी वही एकाच्याही घरी नव्हती. पडावावर जाताना प्रत्येकाने एक वही न्यावी आणि रोज रात्री आई-बापांना विचारून भरावी, असे ठरले.

तास संपता संपता तीच मुलगी उभी राहिली. "सर, मुकादमाच्या वहीत एक आकडा निघाला आणि आमच्या वहीत दुसरा, तर खरी वही कोणाची धरतील?"

वही असली तर निदान भांडता तरी येते, एवढेच आम्ही म्हणालो. ते खोटे नव्हते. पण तिने जे विचारले त्याचे ते उत्तरही नव्हते, हे तिला कळले आणि आम्हांसही. दिवाळीनंतर वर्गातले पुष्कळ बाक रिकामे झाले. तिचाही. तिची वही मात्र तिच्याबरोबर गेली होती, आमच्या लाल काटेसकट.