आधी हवा काढायची

फाल्गुनात बाबांचा लायटर पेटेनासा झाला. चाकावर अंगठा ओढला की ठिणग्या उडायच्या, पण ज्योत धरत नव्हती. कानाशी नेला तर एरवी येणारी ती बारीकशी सुसू ऐकू येईना. म्हणजे खडा शाबूत होता, गॅस संपला होता.

लायटर पितळी आहे. काडेपेटीहून जरा लहान, कडांवरचा मुलामा उडालेला, अंगठा टेकतो तिथे पार गुळगुळीत झालेला. बाबा डहाणूच्या एका चिकूवाडीत हिशेब लिहायचे. वाडीचे शेठ इराणी. परदेशातल्या कुणा नातलगानं त्यांना हा लायटर भेट दिला आणि दुसऱ्याच दिवशी शेठांनी तो बाबांच्या हातावर ठेवला. शेठ विडी-सिगारेट ओढत नसत. आतश, म्हणजे अग्नी, त्यांच्या जरथुष्ट्री धर्मात पूजेचा, त्याला तोंडाचा श्वास लागू द्यायचा नाही. त्यांच्या घरी कुणी फुंकर मारून दिवा विझवल्याचं बाबांनी कधी पाहिलं नाही. बाबाही कधी विडीला शिवले नाहीत. पंपाच्या खोलीतला कंदील, घरातली समई, आणि पावसाळ्यात सर्दावलेल्या काड्या हात टेकायच्या तेव्हा चूल, एवढ्यासाठी त्यांनी हा लायटर आयुष्यभर वापरला. आता तो माझ्याकडे आहे.

गॅस भरायचा दिवस म्हणजे रविवार. बाबा सकाळीच लायटर फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, ते त्याला आंघोळ घालताहेत. कारण पुष्कळ नंतर समजलं. लायटरातला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. डहाणूत एवढी थंडी कधी पडायची! म्हणजे आपल्या हवेत हा पदार्थ वायू होऊनच राहायचा. डबीत तो पाण्यासारखा द्रव दिसतो तो केवळ दाबामुळे. वीस अंशांना हा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो, आणि ऊन चढेल तसा तो वाढतो. लायटर गार केला की आतला दाब उतरतो आणि भरताना डब्यातला द्रव त्याच्याकडे आपसूक धावतो. बाबा शाळेत विज्ञान फारसं शिकले नव्हते, पण ओल्या वाळूचा उपयोग त्यांना नेमका ठाऊक होता.

मी आता फ्रिजमध्ये ठेवते. बाकी सगळं त्यांच्याच पद्धतीनं. अंगणात बसायचं, घरातला दिवा, उदबत्ती आधी शांत करायची. ब्युटेन हवेहून जवळजवळ दुप्पट जड. सांडला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत साठतो. म्हणून बंद खोलीत हे काम करायचं नाही, आणि चुलीच्या आसपास तर मुळीच नाही. ज्योत लहानमोठी करायची चकती सगळ्यात कमीवर आणायची. लायटर उलटा धरायचा, बूड वर. बुडाशी मधोमध पितळेचा बारीकसा टिपका असतो, तो व्हॉल्व्ह. पेचकसाच्या टोकानं तो दाबायचा.

बहुतेक लोक इथेच चुकतात. रिकामा लायटर खरं म्हणजे रिकामा नसतो. त्यात उरलासुरला गॅस असतो, आणि मागच्या भरण्यांच्या वेळी शिरलेली हवा असते. तिला तशीच ठेवून वर गॅस दाबला, तर तो आत मावत नाही. जेमतेम अर्धी डबी भरते, आणि चाक ओढलं की आधी तीच हवा बाहेर येते. ठिणगी पडते, ज्योत नाही. मी बारा-तेरा वर्षांची असताना हीच घाई केली होती. वर चकतीही मोठी राहिली होती. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, तिसऱ्यांदा वीतभर भडका. कपाळावरचे केस करपले. बाबा रागावले नाहीत. लायटर माझ्या हातून घेतला, उलटा केला, पेचकस माझ्या बोटांत दिला आणि म्हणाले, "आधी हवा काढायची, बाळ. ती निघाल्याशिवाय आत काही जात नाही."

व्हॉल्व्ह दाबला की फुस्स आवाज येतो, मग बारीक होत होत थांबतो. बोटाला गारवा लागतो. मग गॅसचा डबा उलटा करून त्याची नळी व्हॉल्व्हवर सरळ, अगदी सरळ टेकवायची. तिरकी धरली तर सगळं बाहेर फवारतं. डबा चार-पाच सेकंद दाबायचा, सोडायचा, गरज वाटली तर पुन्हा. काठोकाठ भरायचं नाही, कारण उन्हात द्रव फुगतो, त्याला जागा लागते. भरून झालं की पितळेवर दव धरतं. ते मी पदरानं पुसते आणि लायटर दहा-पंधरा मिनिटं नुसता ठेवते. तो पुन्हा अंगणाइतका कोमट होईपर्यंत आणि बाहेर सांडलेला वायू विरून जाईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही.

या पंधरा मिनिटांत खड्याचं काम. बुडाचा स्क्रू सोडवला की आतून स्प्रिंग उसळते. ती हातातून निसटली तर जास्वंदीच्या मुळाशी शोधावी लागते, म्हणून दुसरा हात वर आडवा धरायचा. नवा खडा तांदळाच्या कणीपेक्षा थोडा लांब, करडा. चाकाच्या दात्यांत जुन्या खड्याची राखाडी पूड घट्ट बसलेली असते. जुन्या टूथब्रशनं ती काढली नाही तर नवा खडाही घसरतो.

या खड्याला आपण चकमकीचा दगड समजतो, पण तो दगड नाही, मिश्रधातू आहे: लोखंड, आणि त्याहून जास्त सेरियम व त्याच्या गोतातले धातू. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पेट्रोमॅक्स बत्तीला लावतात तो जाळीचा मॅंटलही त्यांचाच, १८८५ चा. मॅंटलसाठी मोनाझाइट वाळूतून थोरियम काढायचं, तर सेरियम ढिगानं उरायचं, आणि त्या उरलेल्यातून हा खडा जन्मला. पुढे १९०९ मध्ये तशी वाळू आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. तिथल्या खेळण्यांच्या दुकानांवर लहानपणी पाहिलेल्या, भुरभुरणाऱ्या पांढऱ्या बत्त्या आणि माझ्या तळहातावरचा हा करडा कण सख्खी भावंडं आहेत, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

खरी चकमक मी तलासरीला पाहिली. मी तिथे शाळेत शिकवते. वर्गातल्या एका वारली मुलाच्या आजोबांनी कमरेची कापडी पिशवी सोडून दाखवली: गारेचा तुकडा, पोलादाची बोटभर पट्टी, आणि सावरीचा काळपट केलेला कापूस. कापूस गारेच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरला, पट्टीचे दोन फटके मारले. ज्योत नाही, नुसता एक लाल ठिपका कापसात बसला. त्यांनी त्यावर ओंजळ धरली आणि हात सावकाश झुलवला. ठिपका पसरत गेला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची पट्टी असेल, ते म्हणाले. गार मात्र ओढ्यातून बदलतात.

काडी महाग होती तेव्हा विस्तव घरोघर फिरायचा. रात्री निखारा राखेखाली पुरून ठेवायचा, आणि सकाळी ज्याचा विझला तो शेजारी जाऊन खापरीत किंवा शेणीवर मागून आणायचा. दोन घरांमधून विस्तव जात नाही असं आपण म्हणतो, तेव्हा ही खापरीच थांबलेली असते. आमच्या भागात विस्तवाची आठवण फार जुनी आहे. बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरावर मी मुलांना घेऊन चढले आहे. संजाण गाव शत्रूच्या हाती पडल्यावर पारश्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं तिथल्या गुंफांत जपला, असं त्यांची परंपरा सांगते. तोच अग्नी, इराणशाह, १७४२ पासून उदवाड्याला आहे. दिवसाच्या पाच प्रहरी त्याला लाकूड वाहिलं जातं. वर गुंफेशी वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. तिथे मला वाटलं ते एवढंच, की बारा वर्षं रोज कुणीतरी इथवर सरपण आणलं असेल.

बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सुयांमध्ये आता रंगीत प्लॅस्टिकचे लायटर सापडतात. हिरवे, गुलाबी, आत थेंबभर गॅस अजून हलतो आहे असे. त्यांच्या बुडाला व्हॉल्व्हच नाही. भरता येऊ नयेत असेच ते घडवलेले. वीस रुपयांहून कमी किमतीच्या लायटरांची आयात सरकारनं जून २०२३ मध्ये बंद केली, तरी वाळू त्यांना रोज वर ढकलते. बाबांचा लायटर गळायला लागला तेव्हा एका दुकानदारानं मला तेच सुचवलं होतं: टाकून द्या, नवा घ्या. गळतीचं कारण व्हॉल्व्हचं रबरी वॉशर निघालं, सुकून तडकलेलं. दुसऱ्यानं जुन्या लायटरातलं काढून बसवून दिलं. तेव्हापासून तो गळला नाही.

तर फाल्गुनात भरलेला लायटर वैशाखात तलासरीला गेला. चकमक दाखवणाऱ्या आजोबांच्या त्या नातवाच्या घरी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता. पालापाचोळा, शेण, फांद्या, वरून मातीचा थर, सगळं रचून तयार होतं. संध्याकाळी वारा पडायची वाट पाहत सगळे बांधावर बसले होते. काडेपेटी घामानं ओली झालेली. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पर्समधून लायटर काढून दिला. तिनं पहिल्याच ओढीत ज्योत धरली, वाकून कडेच्या गवताला लावली आणि आमच्याकडे पाठ करून चालत चालत सगळी कड पेटवत गेली. धूर आधी पांढरा, मग पिवळा. आजोबा फांदी घेऊन बांधाकडे सरकणारी आग झोडपत होते.

दोन दिवसांनी मुलानं लायटर शाळेत आणून दिला, पळसाच्या पानात गुंडाळून, वर गवताची गाठ. चाकाच्या दात्यांत काजळी आणि राबाची राख बसली होती. मधल्या सुट्टीत मी टेबलावर कागद पसरला आणि ब्रश घेतला. मुलगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून पाहत राहिला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "बाई, स्प्रिंग मी धरू?"